मुलांचा गेमिंग कॉम्प्युटर : प्रोसेसर आणि मदरबोर्ड घेताना

मुले बारा-तेरा वर्षांची झाली की आपल्याकडच्या बहुतेक घरांत एक अर्ज दाखल होतो. अर्ज गेमिंग कॉम्प्युटरचा असतो, पुराव्यादाखल वर्गातल्या तीन-चार मित्रांची नावे असतात, आणि खर्चाचा आकडा आई-बाबांचा चेहरा बघून कमी-जास्त होत राहतो. बऱ्याच वाटाघाटींनंतर तडजोड होते ती साधारण अशी : आजी-आजोबांनी वाढदिवसाला दिलेले पैसे, साठवलेला टाशेनगेल्ड, मुले मोठी असतील तर उन्हाळ्यातल्या फेरिएनजॉबची कमाई, आणि उरलेले घरातून. असे मिळून आठशे ते हजार युरो जमतात. रक्कम लहान नाही, आणि त्यात मुलांचे स्वतःचे पैसे असतात. ते चुकीच्या ठिकाणी गेले तर दोन वर्षांत तोच अर्ज पुन्हा टेबलावर येतो.

या लेखात संपूर्ण कॉम्प्युटरचा विचार केलेला नाही, फक्त प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोनच वस्तूंचा केला आहे. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, मॉनिटर, पेटी या गोष्टी पुढे एकेक करून बदलता येतात. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मात्र एकमेकांशी बांधलेले असतात आणि मेमरी कोणती लागणार हेही तेच ठरवतात. म्हणजे इथला निर्णय एका वस्तूचा दिसला तरी तो तीन वस्तूंचा असतो.

आपल्या पिढीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली आहे : प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तेव्हा पैसे घालायचे ते तिथे. लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या यंत्रांच्या काळात ही समजूत अगदी बरोबर होती. १९९३ सालचा डूम किंवा १९९६ सालचा क्वेक घ्या. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग प्रोसेसरच काढत असे. ४८६च्या जागी पेंटियम आला की खेळ खरोखरच धावू लागे. १९९६मध्येच वूडू नावाचे कार्ड आले, चित्र रंगवण्याचे काम हळूहळू वेगळ्या चिपकडे गेले, आणि गेली पंचवीस वर्षे ते तिथेच आहे. आपली समजूत मात्र जुन्याच जागी राहिली. दुकानांच्या पत्रकांत तयार कॉम्प्युटरवर प्रोसेसरचे नाव ठळक आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते, ते याच समजुतीच्या जोरावर. मदरबोर्डाचे नाव तर बहुतेक वेळा नसतेच.

आज कामाची वाटणी कशी असते? गणेशोत्सवाच्या जेवणाला पोळ्या करायला दोघे बसले आहेत असे समजा. एक लाटतो, दुसरा भाजतो. लाटणाऱ्याने मिनिटाला चार पोळ्या लाटल्या आणि तव्यावर तीनच भाजून निघाल्या, तर ताटात मिनिटाला तीनच पडणार. लाटायला आणखी चपळ माणूस बसवला तर फक्त लाटलेल्या पोळ्यांचा ढीग वाढेल. कॉम्प्युटरमध्ये लाटण्याचे काम प्रोसेसरचे आहे : कोण कुठे उभा आहे, कोणाला गोळी लागली, दार उघडे की बंद, या चित्रात काय काय काढायचे, याची यादी तो करतो. ती यादी घेऊन प्रत्यक्ष चित्र रंगवतो ते ग्राफिक्स कार्ड. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर दोघांनाही प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याचा वेग तो खेळाचा वेग.

म्हणून पहिला प्रश्न असा की मुलगा किंवा मुलगी खेळणार काय, आणि कोणत्या पडद्यावर. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, १४४०च्या पडद्यावर सुमारे ३७ लाख. ठिपके वाढले की ग्राफिक्स कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरची यादी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. जंगले, पाण्यातली प्रतिबिंबे, सूर्यास्त अशा देखण्या खेळांत कार्डच आधी दमते. याउलट काउंटर-स्ट्राइक २सारख्या स्पर्धेच्या खेळांत चित्रे साधी पण सेकंदाला दोनशे हवी असतात. सिटीज स्कायलाइन्ससारख्या शहर वसवण्याच्या खेळांत हजारो नागरिकांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि भरपूर मॉड घातलेल्या माइनक्राफ्टचेही तसेच आहे. तिथे प्रोसेसर आधी दमतो. घरात जुना कॉम्प्युटर असेल तर याची परीक्षा फुकटात करता येते. खेळाच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन खाली आणा. वेग बराच वाढला तर कार्ड अडवत होते. जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसर. ही पाच मिनिटांची परीक्षा न करता नवा प्रोसेसर मागवणारे लोक फार आहेत.

प्रोसेसरच्या आत काय पाहायचे? सहा कोअर आणि बारा थ्रेड एवढे या किमतीच्या खेळयंत्राला पुरतात, असे माझे मत आहे. आठ कोअरसाठी जादा दिलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले तर डोळ्यांना जास्त दिसते. पण दोन सहा-कोअरवाले प्रोसेसर सारखे असतीलच असे नाही, आणि याचे मुख्य कारण कॅश. स्वयंपाक करताना हाताशी मिसळणाचा डबा असतो आणि बाकीचा माल कोठीच्या खोलीत. मोहरी डब्यात असेल तर फोडणी जळत नाही. प्रोसेसरच्या पोटातली एल-३ कॅश म्हणजे हा डबा. तिथून माहिती साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते. रॅममधून आणायला ६० ते ८० लागतात. खेळांमध्ये पुढे कोणती माहिती लागेल याचा अंदाज करणे कठीण असते, म्हणून डब्याचा आकार इथे इतर कामांपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो. एप्रिल २०२२मध्ये एएमडीने रायझेन ७ ५८००एक्स३डी आणला. ५८००एक्समध्ये ३२ मेगाबाइट कॅश होती. एक्स३डीमध्ये वर आणखी एक थर चढवून ती ९६ केली. त्याचा कमाल वेग ४.७ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे कागदावर कमीच, तरी खेळांत तो साध्या भावाच्या स्पष्टपणे पुढे राहिला.

कमी बजेटमध्ये हीच गोष्ट उलट बाजूने चावते. रायझेन ५ ५६०० आणि रायझेन ५ ५५०० ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात, दोन्हींत सहा कोअर आहेत. पण ५६००मध्ये ३२ मेगाबाइट कॅश आहे, ५५००मध्ये १६. शिवाय ५५००ची ग्राफिक्स कार्डाकडे जाणारी वाट जुन्या पीसीआय ३.० वेगाची आहे. नावात १०० चा फरक, किमतीत थोडासा, आणि खेळात लक्षात येण्याजोगा. एएम५वरचा ८४००एफ असाच : १६ मेगाबाइट कॅश, आणि ग्राफिक्स कार्डाला सोळाऐवजी आठच लेन. मोठा आकडा दिसला म्हणून तो ७५००एफपेक्षा पुढचा समजू नये. ७५००एफमध्ये ३२ मेगाबाइट कॅश आहे.

नावापाठच्या अक्षरांबद्दल थोडक्यात. ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. स्वस्त पडतो, पण कार्ड बिघडले तर पडदा काळा, गृहपाठ बंद. ‘जी’ म्हणजे त्यातल्या त्यात बरे ग्राफिक्स आतच आहे. वेगळे कार्ड घेणार असाल तर त्याचे पैसे का द्यायचे?

आता मदरबोर्ड. मदरबोर्ड खेळ वेगवान करत नाही. एकच प्रोसेसर महाग आणि स्वस्त बोर्डावर लावून पाहिला तर सहसा मोजण्यापुरताच फरक निघतो. बोर्डाचे खरे काम वीज देण्याचे आणि जोडण्याचे आहे. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझेन भर कामात ८८ वॅटपर्यंत घेतो. प्रोसेसरला वीज लागते ती साधारण १.१ व्होल्टवर, म्हणजे प्रवाह झाला ८० अँपिअर. आपल्या घरातला फ्यूज १६ अँपिअरला पडतो. १२ व्होल्टचे १.१ व्होल्ट करून हा प्रवाह पुरवणारे सुटे भाग प्रोसेसरच्या सॉकेटभोवती बसवलेले असतात आणि ते तापतात. त्यांच्यावर धातूचे गार करणारे ठोकळे आहेत का, एवढे फोटोत पाहावे. ६५ वॅटच्या वर्गासाठी मध्यम बोर्डावरची ही सोय भरपूर होते. त्यापलीकडे रंगीत दिवे, चिलखतासारखी झाकणे, दोनशे-अडीचशे युरोंचे बोर्ड आणि त्यावर दीडशेचा प्रोसेसर, हा प्रकार चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा होतो.

मग बोर्डात निवडायचे काय? माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट छापील तपशिलात शेवटी येते : या सॉकेटमध्ये पुढे आणखी काय बसू शकेल.

समजा २०१७ साली दोन घरांनी कॉम्प्युटर घेतले. पहिल्या घराने जानेवारीत आलेला सातव्या पिढीचा इंटेल घेतला, बी२५० बोर्डावर, सॉकेट ११५१. दुसऱ्या घराने वसंतात पहिल्या पिढीचा रायझेन घेतला, बी३५० बोर्डावर, सॉकेट एएम४. त्या वर्षी खेळांसाठी पहिले घर थोडे पुढेच होते. ऑक्टोबरमध्ये इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेटचे नाव तेच, ११५१. पण जुन्या बोर्डावर ती अधिकृतपणे चालणार नव्हती. नवा बोर्ड घ्या म्हणून सांगण्यात आले. काही हौशी मंडळींनी नंतर पिनांवर चिकटपट्टी लावून आणि बायोस बदलून ती चालवूनही दाखवली, पण तो घरगुती इलाज नव्हे. म्हणजे पहिल्या घराची वाट नऊ महिन्यांत बंद झाली. त्यानंतर इंटेलचे १२००, १७०० आणि १८५१ असे सॉकेट अनुक्रमे २०२०, २०२१ आणि २०२४ साली आले.

दुसऱ्या घराची वाट मात्र उघडी राहिली, पण सहजासहजी नव्हे. मे २०२०मध्ये एएमडीने जाहीर केले की येऊ घातलेले रायझेन ५००० फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालतील. सबब खोटी नव्हती. बोर्डावरची बायोसची चिप बऱ्याच ठिकाणी १६ मेगाबाइटची होती, आणि प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरला ओळखून सुरू करणारा कोड तीत ठेवावा लागतो. चार पिढ्यांचा संसार तेवढ्या कपाटात मावेना. ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की दोनच आठवड्यांत कंपनीने ४०० मालिकेपुरता निर्णय फिरवला, आणि मार्च २०२२मध्ये ३०० मालिकेलाही परवानगी दिली. बोर्ड बनवणाऱ्यांनी जागा करण्यासाठी बायोसमधली चित्रे काढली, कुठे सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा कोड काढून टाकला. म्हणून अशा बोर्डावर आजही क्रम पाळावा लागतो : जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस बदलायचा, आणि मगच नवा बसवायचा.

याचे महत्त्व २०२५च्या शरदात पुन्हा कळले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला. युरोपातल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्या आणखी एक वर्ष मोफत मिळाल्या इतकेच. विंडोज ११ला इंटेलची साधारणपणे आठवी पिढी लागते, रायझेनची २०००. आपली दोन्ही घरे अडली. दुसऱ्या घराला शंभर युरोंच्या आसपासचा एक ५६०० बसवून आणि बायोसमध्ये टीपीएम चालू करून भागले, खेळही कितीतरी सुधारले. पहिल्या घराच्या बोर्डावर बसेल असा कोणताही प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत जवळपास नाही. त्याला बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही घ्यावे लागणार.

त्याच सुमारास रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा पुरवठा वळला आणि काही महिन्यांत डीडीआर५च्या किमती दुपटीच्याही वर गेल्या. त्यामुळे ‘जुनी मेमरी वापरता येईल का’ हा प्रश्न पूर्वी गौण होता, तो बजेटच्या मध्यभागी आला. एएम४ला डीडीआर४ लागते, एएम५ला डीडीआर५. इंटेलच्या १७०० सॉकेटला दोन्ही चालतात, पण बोर्ड एकाचाच असतो. खाचा वेगळ्या असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

यातून माझा सल्ला असा निघतो. घरात एएम४चा कसलाही बोर्ड असेल तर तो फेकू नका. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत ५६०० आहे का ते पाहा. ५७००एक्स३डीही त्यात बसतो, पण तो नवा मिळणे अवघड झाले आहे. घरात चांगली डीडीआर४ मेमरी आहे पण बोर्ड निकामी, तर इंटेलचा आय५-१२४००एफ आणि डीडीआर४चा बी७६० बोर्ड ही जोडी विचारात घ्यावी. त्याची वाट पुढे चौदाव्या पिढीपाशी संपते हे मान्य करून घ्यावे. तेराव्या-चौदाव्या पिढीचे ६५ वॅट आणि वरचे प्रोसेसर २०२४मध्ये व्होल्टेजच्या दोषामुळे गाजले. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधी झालेली इजा दुरुस्तीने भरून निघत नाही, म्हणून ते जुन्या बाजारातून घेऊ नयेत. बारावी पिढी या भानगडीत नव्हती.

आणि सगळेच नवे घ्यायचे असेल तर एएम५. एएमडीने या सॉकेटला २०२७पर्यंत आणि पुढे नवे प्रोसेसर देण्याचे जाहीर केले आहे. आज ७५००एफ किंवा ७६०० घेऊन तीन-चार वर्षांनी, मुलांच्या स्वतःच्या कमाईतून, त्याच बोर्डावर एखादा एक्स३डी बसवता येईल. बोर्ड साधा बी६५० किंवा बी८५० पुरे, लहान मायक्रो-एटीएक्स आकाराचा असला तरी चालेल. ए६२० स्वस्त आहे, पण त्याच्या वीजपुरवठ्याची बाजू बेताची असते. पुढे मोठा प्रोसेसर घालायचा बेत असेल तर तिथे वीस-तीस युरो वाचवू नयेत. बी८४० हे नाव फसवे आहे, कुळाने ते ए मालिकेच्याच जवळ आहे. मेमरीचे चार खण, वायफाय, आणि प्रोसेसर नसतानाही यूएसबीवरून बायोस बदलण्याचे बटण या तीन सोयींपैकी मी बटणाला पहिला मान देईन. दुकानात वर्षभर पडून राहिलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही तेव्हा दुसरा उपाय सहसा हाताशी नसतो.

कंपनीनिष्ठेचे म्हणाल तर जर्मनीत राहून तिचे कारण उरलेले नाही. ड्रेस्डेनला एएमडीचा कारखाना १९९९मध्ये उघडला आणि तिथले अथलॉन जगभर गेले, पण २००९मध्ये तो ग्लोबलफाउंड्रीजकडे गेला. आजच्या रायझेनचे कोअर तैवानमध्ये टीएसएमसीकडे बनतात. इंटेलने मार्च २०२२मध्ये माग्डेबुर्गला प्रचंड कारखाना जाहीर केला, सप्टेंबर २०२४मध्ये पुढे ढकलला, जुलै २०२५मध्ये रद्द केला. विजेचा मुद्दा मात्र इथे नेहमी निघतो. एएम५चे प्रोसेसर नुसते बसून असताना इंटेलपेक्षा थोडी जास्त वीज घेतात. फरक १५ वॅट धरा, रोज चार तास वापर : वर्षाला २२ युनिट, ३५ सेंटच्या दराने पावणेआठ युरो. यावर निर्णय अडवू नये.

खरेदीबद्दल तीन गोष्टी. एक, ‘ट्रे’ म्हणून विकला जाणारा प्रोसेसर खोक्याशिवाय, पंख्याशिवाय आणि बहुधा उत्पादकाच्या गारांटीशिवाय येतो. ७५००एफ इथे बराचसा असाच मिळतो. कायद्याने विक्रेत्यावर असलेली दोन वर्षांची गेवेअरलाइस्टुंग त्यालाही लागू असते, आणि १ जानेवारी २०२२पासून पहिले बारा महिने दोष मुळात नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. खाजगी माणसाकडून जुना माल घेताना ही जबाबदारी जाहिरातीतल्या एका वाक्याने नाकारता येते आणि बहुतेक जण नाकारतात.

दोन, ऑनलाइन मागवलेला माल चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतो, पण पेस्ट लावून वापरलेल्या प्रोसेसरच्या किमतीतून दुकान काही कापू शकते. म्हणून सगळे भाग एकाच आठवड्यात मागवावेत. प्रोसेसर सवलतीत मिळाला म्हणून सप्टेंबरात आणि बोर्ड डिसेंबरात असे करू नये. मुदत उलटल्यावर बोर्ड मुका निघाला तर दोष कुणाचा हे ठरवण्यातच नाताळची सुट्टी जाते.

तीन, एएम५ आणि इंटेल या दोन्हींत आता पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात, एएम५मध्ये १७१८, केसासारख्या नाजूक. प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. वाकलेल्या पिनांचा बोर्ड कोणी परत घेत नाही. खोक्यातून काढल्याबरोबर सॉकेटचा मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवावा. मेमरीच्या एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या घ्याव्यात आणि बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खणांतच बसवाव्यात, बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या. पहिल्यांदा सुरू केल्यावर एएम५ कॉम्प्युटर मेमरीची ओळख करून घेताना काही मिनिटे पडदा काळाच ठेवतो. तेवढा वेळ बटणाला हात लावू नये. चित्र आले की बायोसमध्ये जाऊन मेमरीचे एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करावे, नाहीतर ६०००च्या वेगाची म्हणून घेतलेली मेमरी ४८००वरच चालत राहते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.